आदिनाचं पथ्य

आदिनाच्या चेहऱ्यावर पहिल्या पुळ्या आल्या त्या बारावीच्या वर्षी, आणि तिच्याआधी त्या तिच्या आईला दिसल्या. सकाळी डबा भरता भरता जोकबेदने लेकीकडे पाहिलं, हातातली पोळी तशीच खाली ठेवली आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. कपाळावर तीन, हनुवटीवर दोन.

"काल काय खाल्लंस?" तिने विचारलं.

"तू दिलंस तेच," आदिना म्हणाली. "सोड ना मम्मी, उशीर होतोय."

जोकबेद पेणकर नवीन पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात होती. दाखले, हजेरीपट, शिक्के यांत तिची वीस वर्षं गेली होती आणि तिच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. नवरा योसेफ तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. सेक्टरातल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिघांचं घर. त्यांच्या ज्यू समाजाची निम्मी माणसं केव्हाच इस्रायलला गेली होती. उरलेली ठाणे, अलिबाग, पनवेल अशी विखुरलेली. सणाला सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तरी चार फोन करावे लागत. मुलामुलींची लग्नं जमत ती फोटोवरून, फोनवरून.

जोकबेदच्या स्वतःच्या गालांवर खड्डे होते. तरुणपणी तिचा चेहरा पुळ्यांनी भरून गेला होता आणि त्या गेल्या तेव्हा खुणा ठेवून गेल्या. दोन ठिकाणची माणसं बघायला आली, चहा पिऊन गेली, ती गेलीच. त्यांतल्या एका मुलाची आई जिना उतरता उतरता म्हणाली होती, "मुलगी हुशार आहे, पण तोंड बघवत नाही." योसेफने पसंत केलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. हे तिने आदिनाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही म्हणूनच की काय, तिच्या पोटात ते तसंच्या तसं राहिलं होतं.

पहिल्यांदा दोघी पनवेलच्याच एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी आदिनाचे ओठ फुटून रक्त यायला लागलं. परीक्षा तोंडावर आलेली. जोकबेदने गोळ्या बंद केल्या आणि परत त्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही असं ठरवून टाकलं.

शाळेतल्या एका शिक्षिकेने तिला अनुयाचं नाव सांगितलं. अनुया खांदा कॉलनीत आहारसल्ला द्यायची. तिशीची, शांत बोलणारी बाई. तिने आदिनाला तासभर प्रश्न विचारले. झोपतेस कधी, पाणी किती पितेस, पाळी वेळेवर येते का, परीक्षेची भीती वाटते का. मग तिने एक कागद लिहून दिला. तीन महिने दूध आणि साखर बंद. मैदा नाही, तळलेलं नाही. नाचणी, ज्वारी, मूग, भरपूर भाज्या, जवसाची पूड, भिजवलेले बदाम. साडेदहाला झोप, मोबाईल खोलीबाहेर. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदलायचा. आणि रोज अर्धा तास घाम येईल असं काहीतरी.

"घाबरून करायचं नाही हं हे," अनुया आदिनाला म्हणाली. "एखाद दिवशी खाल्लास वडापाव तर आभाळ कोसळत नाही."

जोकबेदने कागद घेतला. घरी येताना वाटेतच तिने एक दोनशे पानी वही घेतली, आदिनाचं रोजचं खाणंपिणं लिहायला.

आणि खरं सांगायचं तर, गुण आला. आदिना कॉलेजात गेली ते पथ्य पाळतच. पहिला महिना ती कुरकुरली, मग सवय झाली. तिसऱ्या महिन्यात कपाळ स्वच्छ झालं, हनुवटीवर नुसते लालसर डाग राहिले. ती वेळेवर झोपायची, सकाळी आपणहून उठायची. तिची मैत्रीण अंकिता म्हणाली, "तू काय लावतेस ते मला पण सांग." घरात सगळे खूश होते. योसेफने जेवताना ज्वारीची भाकरी मागून घेतली आणि म्हणाला, "मलाही देत जा हेच. माझंही पोट कमी होईल."

हे टिकलं दिवाळीपर्यंत.

दिवाळीनंतर योसेफच्या कंपनीत दोन गोष्टी झाल्या. प्लांटच्या मागच्या बाजूला एक नवीन माल, वेगळंच केमिकल, बनायला लागला आणि योसेफला त्या सेक्शनला टाकलं. आणि कंपनीची लाँड्री बंद झाली. इतकी वर्षं कामाचे कपडे तिथेच काढायचे, तिथेच धुऊन मिळायचे. आता सगळ्यांनी आपापले घरी न्यायचे असं ठरलं. योसेफ एक दिवसाआड पिशवीत निळा बॉयलर सूट घेऊन यायला लागला. त्याला एक वास असायचा, औषधाच्या जुन्या बाटलीसारखा, आणि कापडावर तेलकट, पिवळट डाग. मशीनमध्ये टाकला तर बाकीच्या कपड्यांना वास लागायचा.

"तुझा अर्धा तास घाम," जोकबेद आदिनाला म्हणाली. "नुसत्या उड्या मारण्यापेक्षा हे कर. हात चालतील, कामही होईल."

आदिनाने नाही म्हटलं नाही. वडिलांचं काम करायला तिला आवडायचं. ती बाथरूममध्ये पाटावर बसायची, बादलीत कढत पाणी ओतून सूट भिजवायची आणि ब्रशने कॉलर, बाह्या, गुडघे घासायची. दार लावलेलं, वाफ कोंडलेली. कपाळावरचा घाम ओल्या मनगटाने पुसत पुसत ती गाणी म्हणायची.

जानेवारीत तिच्या डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके दिसायला लागले.

त्या आधीसारख्या पुळ्या नव्हत्या. लाल नव्हत्या, दुखत नव्हत्या. मोहरीएवढे काळे ठिपके, शेजारी शेजारी, गालाच्या हाडावर दाटीवाटीने. मग कानांच्या मागे. मग त्यांच्यात पिवळसर गाठी, दाबल्या तरी न फुटणाऱ्या. जोकबेदने वही काढली आणि मागची दोन महिन्यांची पानं वाचली. पथ्य कुठे मोडल्याचं दिसेना. ज्या अर्थी वहीत नाही, त्या अर्थी ती लपवते आहे, असा तिने अर्थ काढला.

"कॉलेजात काय खातेस?"

"डबा."

"डब्याशिवाय?"

"काही नाही, मम्मी."

"मग हे कशाने येतंय?"

आदिना सॅक उचलून कॉलेजला निघाली.

त्या दिवसापासून पथ्य आवळत गेलं. आधी गूळ गेला, मग केळी, मग बटाटा. मग तेल, मग अंडं. मग कुठेतरी वाचून शेंगदाणे आणि टोमॅटो गेले. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून, किद्दुशची प्रार्थना म्हणून तिघं जेवायला बसत. दोघांच्या ताटात नारळाच्या दुधातली मासळी आणि भात, आणि आदिनापुढे एका वाटीत उकडलेला दुधी, एकीत मूग. योसेफने एकदा आपल्या ताटातला तुकडा उचलून तिच्याकडे सरकवला. जोकबेदने तो परत त्याच्या ताटात ठेवला. 

मार्चमध्ये ती दर शनिवारी आदिनाला वजनकाट्यावर उभी करायला लागली. एप्रिलमध्ये ती तिला घेऊन अनुयाकडे गेली तेव्हा अनुयाने आदिनाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग तिला बाहेर बसायला सांगितलं.

"पेणकर मॅडम, हे मी सांगितलेलं पथ्य नाही," ती म्हणाली. "तिचं वजन सात किलो उतरलंय. आणि हे जे आलंय ते मला खाण्यातलं वाटत नाही. तुम्ही तिला चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. या आठवड्यातच दाखवा."

"आधी तुमच्यानेच गुण आला होता."

"आला होता. हे वेगळं आहे."

जोकबेद उठली. हात टेकले की सगळे दुसऱ्याकडे पाठवतात, असं तिच्या मनात आलं. त्यानंतर ती अनुयाकडे गेली नाही. तिने वहीचं नवीन पान घेतलं आणि पुढचं सगळं स्वतःच्या अकलेने चालवलं.

मे महिन्यात तिने अंकिताला फोन लावला. आदिना समोर उभी होती.

"खरं सांग. ती कँटीनमध्ये काय खाते?"

 अंकिता म्हणाली, "काकू, ती काहीच खात नाही. डबासुद्धा अर्धा परत नेते. परवा जिन्यात तिला चक्कर आली."

जोकबेदने फोन ठेवला आणि लेकीकडे वळली. "मैत्रिणीला छान पढवून ठेवलंयस."

"मी चोरून खात नाही, मम्मी."

"तुझं तोंड सांगतंय ना मला."

मग तिने आदिनाची सॅक पलंगावर उपडी केली. वह्या, एक कंगवा, पाण्याची बाटली, ओढणीची घडी. आदिना भिंतीला टेकून बघत राहिली. ती रडली नाही. तिने एकेक वस्तू परत सॅकमध्ये भरली, ओढणी गळ्याभोवती घेऊन गालांपर्यंत ओढली आणि बाथरूममध्ये गेली. बादलीत सूट भिजत पडला होता.

त्याच सुमारास एकदा योसेफ म्हणाला होता, "पोरीला माझे कपडे धुवायला लावू नकोस."

जोकबेद भाजी चिरत होती. "का?"

"नको. थकते ती."

"तेवढाच घाम येतो तिला. तुमच्या लाडांनीच तिची जीभ चटावली आहे."

 योसेफ बाहेर जाऊन बसला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

सप्टेंबरात नव्याचा सण आला. त्यांचं नवं वर्ष, सिनेगॉगला जायचं, चार माणसं घरी येणार. त्याच्या दोन आठवडे आधी, एका रविवारी सकाळी जोकबेदने योसेफला गॅलरीत स्टुलावर बसवलं आणि त्याच्या केसांना कलप लावायला घेतला. दरवर्षी ती हे करायची. कानावर रंग लागू नये म्हणून तिने त्याचा डावा कान पुढे दुमडला, आणि तिचा हात थांबला.

कानाच्या मागे काळे ठिपके होते. दाटीवाटीने, मोहरीएवढे. मध्ये दोन पिवळसर गाठी.

तिने दुसरा कान दुमडून पाहिला. मग त्याचा चेहरा स्वतःकडे फिरवला आणि चष्मा काढला. डोळ्यांच्या कडेला, चष्म्याच्या दांडीखाली, तेच. आठ महिने ती रोज सकाळी खिडकीशी जे बघत होती, तेच. आणि योसेफ तर पोळी, भात, मासळी, सणाला हलवा, सगळं खात होता.

"हे कधीपासून आहे?"

"उष्णतेचं आहे," योसेफ म्हणाला. "प्लांटमध्ये दोघातिघांना आहे. कंपनीच्या डॉक्टरने मलम दिलंय."

 कलपाची वाटी तिने कठड्यावर ठेवली. आत आदिना बाथरूममध्ये होती. ब्रश घासल्याचा आवाज येत होता. जोकबेद आत गेली, दार ढकललं आणि बादली उचलून मोरीत ओतली. आदिना पाटावरून तिच्याकडे बघत राहिली.

"हात धू," जोकबेद म्हणाली. "साबणाने धू. तोंडही धू. यापुढे याला हात लावायचा नाही."

"मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस."

मंगळवारी रजा टाकून ती दोघांना घेऊन मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेली. अडीच तासांनी नंबर लागला. त्वचारोगाच्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आदिनाचा चेहरा दिव्याखाली पाहिला, कान दुमडून पाहिले, मग कुणी न सांगताच योसेफला जवळ बोलावून त्याचेही पाहिले.

"तुम्ही कुठे काम करता?"

योसेफने सांगितलं.

"काय बनतं तिथे?"

त्याने एक लांबलचक नाव सांगितलं. डॉक्टरांनी ते दोनदा उच्चारून घेतलं आणि कागदावर लिहिलं.

"कपडे कोण धुतं?"

 आदिना म्हणाली, "मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही तारुण्यातली पुळी नाही. याला क्लोरॅक्ने म्हणतात. काही विशिष्ट केमिकल कातडीतून शरीरात गेली की येतं. खाण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही."

"पथ्य..." जोकबेद म्हणाली.

"कसलं पथ्य?"

जोकबेदने पिशवीतून वही काढली. डॉक्टरांनी चारपाच पानं उलटली. मग त्यांनी आदिनाला वजनकाट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो. पाळी कधी आली होती शेवटची, असं विचारल्यावर आदिनाने आईकडे न बघता सांगितलं, "एप्रिलमध्ये." त्या वहीत रोजचं पाणी किती ते होतं, झोपेचे तास होते, पोट साफ झालं की नाही ते होतं. हे नव्हतं.

"हे बरं होईल ना?" योसेफने विचारलं.

"आधी ते केमिकल थांबायला हवं. तुमचंही आणि हिचंही. मग हळूहळू जातं. दोन वर्षं, तीन वर्षं, नक्की सांगता येत नाही. खुणा राहतील. रक्त आणि लिव्हर तपासू." मग त्या जोकबेदकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आणि हिला जेवायला घाला. आज, आत्ता. चेहऱ्यापेक्षा मला त्याची जास्त काळजी आहे."

 पनवेलला उतरल्यावर जोकबेदने आदिनाला विचारलं, "काय खाशील? काहीही सांग."

"भूक नाही," आदिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जोकबेदला सुचलं की ज्या दोघातिघांना प्लांटमध्ये हे झालंय, त्यांच्याही घरी बायका आहेत. योसेफच्या हाताखाली म्हात्रे म्हणून एक ऑपरेटर होता. तळोज्याच्या पलीकडे गावात त्याचं घर. त्याच्या बायकोला, वेणूला, ती एकदा कंपनीच्या पूजेला भेटली होती. शाळा सुटल्यावर रिक्षा करून ती तिथे गेली. वेणू ओट्यावर सुकट निवडत होती. जोकबेदने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कपडे हाताने धुऊ नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

वेणूने शांतपणे ऐकून घेतलं. "आमी ते कपडे घरात घेतच नाय," ती म्हणाली. "शिमग्यापासून. यांच्या मानेवर उठलं तवाच हे बोलले, त्या मालाचं हाय. आता कंपनीच्या नलावर सोताच धुतात न् तितंच वालत घालतात."

"शिमग्यापासून?"

"हां. तुमाला नाय ठाव?" वेणूने सुकटीतून मान वर केली. "यांनी तुमच्या साहेबांना सांगितलं व्हतं की. साहेब, पोरीबालीला हात लावू देव नका, असं."

वेणूने पाणी दिलं ते जोकबेदने घेतलं. ती किती वेळ त्या ओट्यावर बसली ते तिला नंतर आठवलं नाही. वेणू म्हणाली, "पोरीला लई आलंय का वो?" त्यावर तिने नुसती मान हलवली.

ती घरी पोचली तेव्हा योसेफ पहिल्या पाळीवरून आला होता आणि गॅलरीत पेपर वाचत बसला होता. आदिना आत झोपलेली. ऊन अजून कठड्यावर होतं.

"म्हात्रेने तुम्हाला कधी सांगितलं?" जोकबेदने विचारलं.

त्याने पेपर खाली केला. कोणता म्हात्रे, काय सांगितलं, असं काही त्याने विचारलं नाही.

"मार्चमध्ये."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"मी तुला म्हटलं होतं, तिला धुवायला लावू नको म्हणून."

"का ते नाही सांगितलं."

"खात्री नव्हती. कंपनीचा डॉक्टर म्हणत होता, उष्णता आहे."  कठड्यावर पडलेला कलपाचा काळा डाग तो नखाने खरवडत होता. "सांगितलं असतं तर तू मला त्या सेक्शनला राहू दिलं नसतंस. वर तक्रार करायला लावली असतीस. ज्या दोघांनी तक्रार केली त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं. मी पन्नाशी उलटलेला माणूस. मला वाटलं, माल बदलेल दोनतीन महिन्यांत. बदलतो नेहमी."

"ती सांगत होती मला, मी चोरून खात नाही. तुम्ही ऐकत होता."

"हो."

"रोज ऐकत होता."

"हो," योसेफ म्हणाला.

जोकबेद त्याच्या अंगावर ओरडणार होती. रिक्षात बसल्यापासून तिने वाक्यं जुळवली होती. पण सॅक पलंगावर उपडी केली होती ती तिने स्वतः. अनुयाने एप्रिलमध्ये तोंडावर सांगितलं होतं ते तिलाच. ती आत गेली, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि बराच वेळ तिला काय करायचं ते कळेना. मग तिने कणीक भिजवायला घेतली, कारण संध्याकाळ झाली होती.

पुढच्या आठवड्यात योसेफने डॉक्टरांचं पत्र कंपनीत दिलं. तीन दिवसांनी त्याची बदली गोदामात झाली, त्याच्या जागी दुसरा इन्चार्ज आला, आणि प्लांटच्या दारावर एक सूचना लागली की कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. लाँड्री सुरू झाली नाही. लोक नळावर रांग लावून धुऊ लागले. पत्राचं पुढे काय झालं ते कुणी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही परत विचारलं नाही.

सणाच्या संध्याकाळी जोकबेदने सगळं केलं. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधातला हलवा, मटण, भात, पुऱ्या. गेल्या वर्षभरात ज्या ज्या वस्तूवर तिने काट मारली होती, ती प्रत्येक वस्तू टेबलावर होती. ठाण्याहून योसेफचे थोरले भाऊ एलियाहू आले होते. प्रार्थना झाल्यावर त्यांनी सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून एकेकाला दिल्या. वर्ष गोड जावं म्हणून. आदिनाने फोड हातात घेतली. सगळ्यांनी खाल्ली. तिची हातातच राहिली, मध बोटांवरून मनगटाकडे ओघळायला लागला.

"खा ग, बाळा," एलियाहू म्हणाले.

"मधात साखर असते, काका."

"आज सण आहे."

"माहीत आहे," आदिना म्हणाली. तिने फोड बशीत ठेवली आणि हात धुवायला उठली. जोकबेद मागोमाग गेली.

"आदिना, तुझ्या खाण्याने नव्हतं ते. डॉक्टरांनी सांगितलंय ना. तू ऐकलंस ना स्वतः."

"ऐकलं."

"मग खा. माझी चूक झाली. तू खरं बोलत होतीस, मला आता माहीत आहे."

आदिना नळाखाली बोटं चोळत होती. ओढणी बाजूला झाली होती आणि दिव्याच्या उजेडात तिच्या गालाची हाडं वर आलेली दिसत होती, त्यांच्यावर ते काळे दाणे. "मम्मी, मला पण माहीत आहे," ती म्हणाली. "पण तोंडाशी नेलं की घसा बंद होतो. मी मुद्दाम नाही करत."

जोकबेदने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला सगळं हाडच लागलं.

दहा दिवसांनी उपासाचा मोठा दिवस होता, दारफाळणी. डॉक्टरांनी आदिनाला उपास करू नको म्हणून बजावलं होतं आणि जोकबेदने सकाळी पेज करून तिच्यापुढे ठेवली. आदिनाने ती झाकून ठेवली. "आज तरी कुणी खात नाही," ती म्हणाली. तिला सिनेगॉगला यायचं होतं. दुपारच्या प्रार्थनेत बायकांच्या बाजूला ती बाकावरून कलंडली. आवाज असा झालाच नाही. शेजारच्या बाईने वळून पाहिलं तेव्हा ती खाली पडलेली होती.

पनवेलच्याच एका इस्पितळात तिला ठेवलं. सलाईन लावताना नस सापडायला वेळ लागला. नर्स फॉर्म घेऊन आली आणि तिने विचारलं, पेशंटचा रोजचा आहार काय. जोकबेदला ते सगळं तोंडपाठ होतं. दुधी किती, मूग किती, पाणी किती, कधीपासून काय बंद. ती सांगत गेली आणि नर्स लिहीत गेली. मध्येच नर्सचा हात थांबला.

"हे कुणी सांगितलं होतं?"

"मी," जोकबेद म्हणाली.

आदिना तिथे अकरा दिवस होती. मानसोपचारतज्ज्ञ यायचे, आणि जोकबेदने फोन केल्यावर अनुयाही आली. तिने जोकबेदला काही ऐकवलं नाही. ती रोज संध्याकाळी यायची आणि आदिनाशी इकडचं तिकडचं बोलत चमच्याने पेज भरवायची. आईने समोर बसू नये असं ठरलं होतं; आई समोर असली की आदिना चमचे मोजायची. त्यामुळे जोकबेद बाहेर बाकावर बसायची, योसेफच्या शेजारी. त्याच्या हातात पिशवी असायची, तिच्या हातात फाईल. आतून कधी अनुयाचा आवाज यायचा, कधी काहीच नाही.

सहाव्या दिवशी अनुया बाहेर आली. "अर्धी वाटी गेली आज," ती म्हणाली.

"उलटी?"

"अजून नाही."

योसेफने मान खाली घातली. जोकबेद म्हणाली, "उद्या याल ना?"

"येईन," अनुया म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली. ती दोघं तिथेच बसून राहिली. दार अर्धवट उघडं होतं. आत आदिना भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती की झोपली होती ते बाहेरून कळत नव्हतं, आणि जोकबेदला आत जाऊन बघायची परवानगी नव्हती.